हॉजकिन लिम्फोमा: संध्याकाळच्या तापापासून शेवटच्या स्कॅनपर्यंत

सप्टेंबर २०२५ मध्ये माझा शेवटचा पेट स्कॅन (शरीरात रोग कुठे जिवंत आहे ते दाखवणारा) झाला आणि डॉक्टरांनी फाइलवर ‘पूर्ण प्रतिसाद’ असं लिहिलं. मला हॉजकिन लिम्फोमा होता, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. वय एकतीस. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. आजारपणात मी रात्ररात्र मोबाइलवर शोधायचो की आपल्या भागातल्या कुणी हे सगळं क्रमाने मराठीत लिहिलंय का, कोणता कागद कुठे लागतो, ताप का येतो, पैसे किती लागतात. फारसं काही सापडलं नाही. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात २०२४ च्या फळछाटणीच्या आसपास झाली. संध्याकाळी पाच-सहा वाजले की अंगात कणकण, रात्री १०१-१०२ ताप, आणि पहाटे इतका घाम की बनियन पिळून काढावं. सकाळी एकदम बरं वाटायचं, मी बागेत जायचो. आठ-दहा दिवस ताप राहायचा, मग आठवडाभर काहीच नाही, मग पुन्हा. पायांच्या नळ्यांना आणि पोटऱ्यांना खाज सुटायची, पण अंगावर पुरळ काही नाही. फवारणीचे दिवस होते, त्यामुळे घरच्यांना वाटलं औषधाची अ‍ॅलर्जी असेल. आण्णांनी (माझे वडील) मला पंप हातात घेऊ देणंच बंद केलं.

डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, सगळ्या तपासण्या झाल्या. सगळ्या नकारार्थी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी खटकत होत्या: हिमोग्लोबिन १०.१, ईएसआर (तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग) ९६, आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या मिळाल्या, इओसिनोफिलसाठी जंताची गोळी. ईएसआरकडे ‘कुठेतरी इन्फेक्शन आहे’ म्हणून पाहिलं गेलं. महिनाभर लोह घेऊन हिमोग्लोबिन तिळभरही वाढलं नाही. वजन ६८ वरून ६१ वर आलं.

नोव्हेंबरात दाढी करताना डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ हाताला लागली. सुपारीएवढी, रबरासारखी, दुखत नव्हती. सुईने पेशी काढून तपासणी केली (एफएनएसी, खर्च १,२०० रुपये). रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमा’ (प्रतिकारक पेशींचे घट्ट पुंजके) दिसले असं लिहिलं होतं. टीबीचा जंतू मात्र सीबीनॅटमध्ये (त्याची जनुकं शोधणारी तपासणी) सापडला नाही. आपल्याकडे ताप, घाम, वजन घटणं आणि मानेत गाठ एवढं एकत्र आलं की आधी टीबीच मनात येतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

दोन महिने झाले तरी ताप तसाच. जानेवारी २०२५ मध्ये दादा (माझा चुलतभाऊ) मला सांगलीच्या एका फिजिशियन मॅडमकडे घेऊन गेला. त्यांनी सगळे रिपोर्ट टेबलावर पसरून शांतपणे वाचले, मान, काखा, जांघा, पोट हाताने तपासलं आणि म्हणाल्या, “सुईने भागणार नाही. अख्खी गाठ काढून बघायला हवी.” माझ्या सगळ्या आजारपणातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. गाठ कमी होत नसेल, ताप उतरत नसेल, तर पूर्ण गाठ काढून तपासण्याचा आग्रह धरा. लिम्फोमाच्या निदानात पेशी कुठे आणि कोणाच्या शेजारी बसल्यात हे पाहावं लागतं. सुईत फक्त सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी येत नाही.

गाठ भूल देऊन, त्या जागेपुरती बधिर करून, काढली. ऑपरेशन थिएटरसह २२,००० रुपये लागले. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: गाठीचा मोठा भाग फॉर्मेलिनमध्ये जातो, पण एक छोटा तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवून टीबीच्या कल्चरला पाठवायला सांगा. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर करता येत नाही. आमच्या सर्जननी ते स्वतःहून केलं, त्यामुळे पुढे ‘टीबी आहे की नाही’ हा वाद कायमचा मिटला.

पहिला रिपोर्ट ‘लिम्फोमाची शक्यता, आयएचसी करा’ असा आला. आयएचसी म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून बघणं. गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक बाहेर पाठवावे लागले. ७,५०० रुपये आणि जवळपास दोन आठवडे. ते दोन आठवडे फार वाईट गेले. रिपोर्ट आला: क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा, मिक्स्ड सेल्युलॅरिटी, सीडी३० आणि सीडी१५ पॉझिटिव्ह, एपस्टाइन-बार विषाणूची खूण पॉझिटिव्ह. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. (त्या बंद करताना सरकारी टीबी नोंदीत ‘निदान बदललं’ असं लिहून घ्या, नाहीतर औषधं का सोडली म्हणून फोन येत राहतात.)

मी मॅडमना विचारलं की मग टीबीसारखं सगळं का झालं. त्यांनी जे समजावलं आणि पुढे मी जे वाचलं, त्याने माझी भीती निम्मी झाली. म्हणून ते नीट सांगतो.

रोगप्रतिकारक पेशी एकमेकींशी रेणूंच्या निरोपांतून बोलतात. त्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. हा शब्द आपण पहिल्यांदा २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऐकला. लोक टोसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी सांगली-मिरज-कोल्हापूर पालथं घालत होते. ते इंजेक्शन ज्याची वाट अडवतं तो इंटरल्युकिन-६ हा असाच एक निरोप. १९८६ मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं. रक्तात हे रेणू मिलिलिटरला काही पिकोग्रॅम एवढेच असतात, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. द्राक्षवाल्यांना हे पटकन कळेल: जीएचं (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संप्रेरक) द्रावण दहा-वीस पीपीएमचं, पण घडाची सगळी चाल बदलून टाकतं.

हॉजकिनची गंमत नाही, पण नवल असं की गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी फार थोड्या असतात. बऱ्याचदा शंभरात एक-दोन, कधी त्याहूनही कमी. त्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि या पेशी कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये व डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये नीट दाखवून दिल्या. गाठीतल्या बाकीच्या सगळ्या पेशी निरोगी, बोलावून आणलेल्या. बोलावतं कोण? त्याच मूठभर पेशी, सायटोकाइन सोडून. इंटरल्युकिन-५ सोडतात, म्हणून इओसिनोफिल वाढतात. माझ्या पहिल्या रिपोर्टमधले इओसिनोफिल जंतांचे नव्हते. इंटरल्युकिन-१३ सोडतात आणि तो स्वतःच वापरून वाढतात. सीसीएल१७ नावाच्या रेणूने टी-पेशींचा एक गट आजूबाजूला गोळा करतात आणि त्यांच्या आड राहतात. वर पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून मारायला आलेल्या टी-पेशींना थांबवतात. माझ्या बाबतीत त्या एपस्टाइन-बार विषाणूचाही हात होता. त्याचं एलएमपी१ हे प्रथिन पेशीला सतत ‘वाढ, जग’ असा, पेशीवर बाहेरचे निरोप झेलणाऱ्या सीडी४० सारखा, निरोप देत राहतं, बाहेरून कुणी दिला नसला तरी.

आता ताप. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ हे निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचले की तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीर स्वतःच आपलं तापमान वर नेतं. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन काही तास थांबवतं, निरोप थांबवत नाही. म्हणून गोळीने ताप उतरायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी परत यायचा. आठवडा ताप, आठवडा काही नाही, हा प्रकार तर हॉजकिनमध्ये १८८० च्या दशकापासून नोंदवलेला आहे. त्याला पेल-एब्स्टाइन ताप म्हणतात.

आणि लोहाच्या गोळ्या का लागू पडल्या नाहीत? इंटरल्युकिन-६ यकृताला हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवायला लावतं. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह शोषलं जात नाही आणि साठ्यातलं लोहही पेशींतच अडकून राहतं. शरीरात लोह असतं, पण ते अस्थिमज्जेला मिळत नाही. माझं फेरिटिन (साठ्यातल्या लोहाचं माप) तपासलं तेव्हा ते कमी नव्हतं, उलट वाढलेलं निघालं. त्याच इंटरल्युकिन-६ मुळे यकृत सीआरपी आणि फायब्रिनोजेन ही प्रथिनं जास्त बनवतं, आणि फायब्रिनोजेनने ईएसआर चढतो. म्हणजे ताप, घाम, वजन, हिमोग्लोबिन, ईएसआर हे पाच वेगळे आजार नव्हते. टीबीतही शरीर हेच निरोप वापरतं, ग्रॅन्युलोमाही त्यांच्यामुळेच होतात आणि हॉजकिनच्या गाठीतही ते दिसू शकतात. निरोप तेच, पाठवणारा वेगळा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसणार.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला पेट स्कॅन. १४,००० रुपये. सहा तास उपाशी, आदल्या दिवशी जड काम नाही, रक्तातली साखर तपासतात. स्कॅननंतर त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहायला सांगतात. आमच्या घरात दादाची दोन वर्षांची मुलगी आहे, तिला वहिनी माहेरी घेऊन गेल्या. स्टेज ३बी निघाली. छातीच्या पडद्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे गाठी म्हणून तीन, आणि ताप-घाम-वजन घटणं आहे म्हणून बी. त्या ‘बी’ला रोगाच्या पायरीत जागा दिलीय हे वाचल्यावर मला बरं वाटलं. माझा घाम कुणीतरी मोजला होता.

उपचार मिरजेत घ्यायचं ठरलं. घरापासून तास-सव्वा तास, आणि रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतं. जुलै २०२४ पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. रुग्णालयात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) गाठा, डॉक्टरांच्याही आधी. मला अडलं ते नावावर. आधारवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण, आणि रेशनकार्डावर नुसतं घरातलं हाकेचं नाव. ऑनलाइन नोंदीत तर माझं नावच नव्हतं. एका सरकारी कार्यालयाच्या पुरवठा विभागात दुरुस्तीला गेलो. ‘सर्व्हर डाउन’, ‘साहेब मीटिंगला’, ‘उद्या या’ हे ऐकत एक आठवडा गेला. तिथे अंगात ताप घेऊन बाकावर बसणं मला सगळ्या केमोपेक्षा जड गेलं. शेवटी रुग्णालयाच्या लेटरहेडवर ‘उपचार तातडीने सुरू करणे आवश्यक’ असं पत्र घेऊन गेलो तेव्हा त्याच दिवशी काम झालं. ते पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि निदानाची वाट बघत असतानाच घरातल्या सगळ्यांची नावं बारा अंकी रेशनकार्डाच्या नोंदीत आहेत का ते तपासा. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर करता येते, आम्हाला तिथून नीट उत्तरं मिळाली.

मंजुरीसाठी बायोप्सी रिपोर्ट, आयएचसी, स्कॅन, आधार, रेशनकार्ड आणि रुग्णाचा फोटो लागला. प्रत्येक खेपेला पुन्हा मंजुरी घ्यावी लागायची, म्हणून प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये पीडीएफ ठेवत होतो. केमोची औषधं आणि भरती योजनेत झाली. पेट स्कॅनचे पैसे आम्हीच भरले.

केमोआधी टूडी इको आणि फुफ्फुसांची तपासणी झाली. एक औषध हृदयाला, दुसरं फुफ्फुसांना त्रास देऊ शकतं. आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी आपल्याकडे कुणी बोलत नाही: माझं लग्न होऊन दीडच वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी स्वतः विषय काढला की केमोआधी वीर्य गोठवून ठेवा. या औषधांनी मूल होण्याची क्षमता बहुतेकांची टिकते, तरी ठेवलेलं बरं. सांगलीत ती सोय आहे. एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या लागतात, आणि साठवणुकीचं वर्षाला काही हजारांचं भाडं असतं. बायको सोबत आली होती, त्यामुळे मला संकोच कमी वाटला. तरुण मुलं असतील त्यांनी, आणि मुलींनीही, हे पहिल्या केमोच्या आधीच विचारावं. नंतर उशीर होतो.

फेब्रुवारीच्या मध्याला पहिली केमो. औषधांचा संच एबीव्हीडी: डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन, डाकार्बाझिन. मिलानच्या जिआनी बोनादोना यांनी १९७५ मध्ये तो मांडला आणि आजही तोच पाया आहे. दर पंधरा दिवसांनी एक डोस, दोन डोसांचं एक चक्र, अशी सहा चक्रं. पहिलं औषध लालभडक असतं आणि त्या दिवशी लघवीही लाल होते, घाबरू नका. डाकार्बाझिन उजेडाने बिघडतं म्हणून बाटली आणि नळी झाकून ठेवतात. ते शिरेत जाताना जळजळतं. नर्सताईंना सांगितलं की त्या वेग कमी करतात आणि सोबत सलाइन लावतात. दातावर दात ठेवून सोसत बसू नका, बोला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले, सात वाजले, थर्मामीटर ९८.२. आई दर अर्ध्या तासाने बघत होती. त्या रात्री घाम आला नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी सकाळी कोरड्या अंथरुणातून उठलो. गाठ अजून हाताला लागत होती, पण निरोप बंद झाले होते. पुढच्या आठवड्यात खाजही गेली. मार्चअखेर एकही लोहाची गोळी न घेता हिमोग्लोबिन वाढायला लागलं.

बाग त्या हंगामात आण्णा आणि दादाने काढली. व्यापाऱ्याशी बोलणी, बेदाण्याचं शेड, सगळं त्यांनीच. मला डॉक्टरांनी फवारणी, शेणखत आणि धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं.

भेटायला येणारा प्रत्येकजण सांगायचा की प्रतिकारशक्ती वाढव. गव्हांकुर, गुळवेल, काढे, पावडरी. प्रेमाने सांगायचे, म्हणून मी कुणाला तोडून बोललो नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. हॉजकिनमध्ये प्रश्न नुसत्या कमी प्रतिकारशक्तीचा नसतो, तिला चुकीच्या हाका मारून राबवून घेतलं जात असतं. तिथे ‘वाढवणं’ म्हणजे काय वाढवणं, हे पावडर विकणाऱ्याला माहीत नसतं. गुळवेल तर डॉक्टरांनी नावानिशी बंद करायला लावला, कारण केमो चालू असताना यकृताला इजा परवडत नाही. मी घरचं ताजं शिजवलेलं जेवण, अंडी, डाळी आणि उकळलेलं पाणी यावर राहिलो.

एप्रिलमध्ये, दोन चक्रांनंतर, पुन्हा पेट स्कॅन. डोव्हिल गुण पाचांपैकी दोन, म्हणजे रोग जवळपास विझलेला. ब्लिओमायसिन बंद केलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅथल चाचणीत दिसलं होतं की मधला स्कॅन स्वच्छ असेल तर पुढे ब्लिओमायसिन गाळलं तरी निकाल जवळपास तेवढाच राहतो आणि फुफ्फुसांचा त्रास कमी होतो. स्कॅनचे पैसे खिशातून गेले, पण एक औषध कमी झालं.

मेच्या शेवटी मात्र ताप परत आला. १०१. मला वाटलं रोग उलटला. पण केमोच्या फाइलच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं होतं: १००.४ च्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल घेऊन वाट बघू नका, सरळ रुग्णालयात या. रात्री साडेदहाला दादाने गाडी काढली. लढाऊ पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली गेल्या होत्या. पोचल्यावर लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. दुसऱ्या दिवशीपासून जी-सीएसएफची इंजेक्शनं. हाही एक सायटोकाइनच, कारखान्यात बनवलेला, अस्थिमज्जेला ‘न्यूट्रोफिल बनव’ असा निरोप देणारा. कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठणकतात, मज्जा कामाला लागल्याची ती खूण. सुरुवातीच्या चक्रांत डॉक्टरांनी तो टाळला होता, कारण ब्लिओमायसिनसोबत फुफ्फुसांना धोका वाढतो अशी शंका आहे. पाच दिवस भरती राहिलो. या खेपेचा ताप माझ्या शरीराने जंतूंविरुद्ध स्वतः आणलेला होता. रेणू तेच, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ. हे कळल्यावर मला सायटोकाइनचा राग यायचा थांबला.

त्या भरतीमुळे एक डोस पुढे गेला आणि शेवटची केमो जुलैच्या अखेरीस झाली. केस जूनपर्यंत विरळ झाले होते, ऑगस्टमध्ये परत यायला लागले. बोटांची टोकं अजून थोडी बधिर आहेत.

सप्टेंबरचा स्कॅन शेवटच्या डोसनंतर सात आठवड्यांनी केला. घाई केली तर केमोची सूजच रोगासारखी चमकते, म्हणून थांबायला सांगतात. डोव्हिल दोन. ईएसआर १२, हिमोग्लोबिन १३.६, वजन ६६. योजनेबाहेरचा खर्च, निदानापासून प्रवास आणि तिन्ही स्कॅन धरून, सव्वा लाखाच्या आसपास गेला. त्यातला मोठा भाग निदान होईपर्यंतच गेला होता.

काहीजणांनी विचारलं की मग इंटरल्युकिन-६ ची तपासणी करून घ्यावी का. खासगी लॅबमध्ये ती होते, पण माझ्या डॉक्टरांनी एकदाही सांगितली नाही. साधा सर्दी-ताप, दाताचं दुखणं, कशानेही ती वाढते, आणि त्यावरून लिम्फोमा आहे की नाही हे कळत नाही. ईएसआर, सीआरपी आणि हाताने केलेली तपासणी स्वस्तात पुरेसं सांगते. उरलेले पैसे गाठ काढण्यासाठी ठेवा.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, पुढची डिसेंबरात. मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमधून सहीनिशी परत घेऊन घरी कोरड्या जागी ठेवल्यात. दुसऱ्या रुग्णालयात कधी जावं लागलं तर तेच मागतात. रेशनकार्ड दुरुस्तीचा अर्ज आणि रुग्णालयाच्या पत्राचा मजकूर मी टाइप करून ठेवलाय. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस, कुठलेही असाल आणि लागला तर खाली लिहा, पाठवतो.